उताऱ्यावरचा उतारा

काशी आणि विषवैद्यक यांचा संबंध फार जुना आहे. सुश्रुतसंहितेतील उपदेश काशिराज दिवोदास धन्वंतरी यांच्या मुखातून आलेला आहे, असे तो ग्रंथच सांगतो. आणि त्या ग्रंथाचे ‘कल्पस्थान’, म्हणजे आठ अध्यायांचा एक सबंध विभाग, केवळ विषांना वाहिलेला आहे. राजाच्या अन्नात विष कालवले आहे की काय हे कसे पारखावे, सर्पांचे प्रकार किती, दंश कसा ओळखावा, त्यावर उपचार कोणता करावा, याची त्यात बारकाईने चर्चा आहे. याच नगरीत जैतपुऱ्याच्या बाजूला नागकूप नावाचा एक प्राचीन कूप आहे. महाभाष्यकार पतंजलींचे नाव त्याच्याशी जोडले जाते, आणि नागपंचमीला तेथे नागपूजेबरोबर शास्त्रार्थाचीही परंपरा आहे. नागाची पूजा आणि नागाचे भय ही दोन्ही आपल्याकडे एकाच घरात नांदत आली आहेत.

हे भय निराधार नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत काढण्यात आला. राज्यवार गणतीत सर्वांत मोठा आकडा उत्तर प्रदेशाचा होता. पावसाळा लागला, शेते पाण्याने भरली, माणसे जमिनीवर अंथरूण टाकून झोपू लागली, की नाग आणि मण्यार यांच्या दंशाचे रोगी रुग्णालयांकडे येऊ लागतात. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील सर सुंदरलाल रुग्णालय हे पूर्व उत्तर प्रदेशाचेच नव्हे, तर शेजारच्या बिहारच्या सीमाभागाचेही मोठे आश्रयस्थान आहे.

अशा रुग्णालयात सर्पदंशावर जो उतारा देतात तो घोड्याच्या रक्तापासून तयार होतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सर्पांचे विष अत्यल्प मात्रेत, हळूहळू वाढवीत, घोड्याला टोचले जाते. घोड्याचे शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण करते. मग त्याचे थोडे रक्त काढून घेऊन त्यातील ती प्रतिद्रव्ये वेगळी करतात, शुद्ध करतात आणि कुपीत भरतात. मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रातील श्रोत्यांना या कामामुळे चांगले परिचित आहे. मण्याराच्या विषाने श्वास मंदावलेल्या माणसाला या प्रतिविषाखेरीज दुसरे औषध नाही. त्याला कृत्रिम श्वासोच्छ्वासाची जोड द्यावी लागते, पण मूळ विषाला अडविणारे एवढे एकच साधन आपल्या हाती आहे.

परंतु या उताऱ्यातच एक पेच दडलेला आहे. प्रतिविष कितीही शुद्ध केले तरी ते शेवटी दुसऱ्या प्राण्याचे प्रथिन आहे. ते शिरेतून देण्यास आरंभ केल्यावर काही मिनिटांतच कित्येक रोग्यांच्या अंगावर लाल गांधी उठतात, कंड सुटते, ओठ आणि पापण्या सुजतात, छाती भरून येते, आवाज घोगरा होतो. कधी कधी तर नाडी सुतासारखी बारीक होऊन रोगी शुद्धी हरपतो. एकीकडे सर्पविष शरीरात भिनत आहे, दुसरीकडे त्यावरचाच उतारा जिवावर उठला आहे. प्रतिविष थांबवावे तर विष मारणार. चालू ठेवावे तर प्रतिविषच मारणार. अशा वेळी वैद्याला उताऱ्यावरचा उतारा हवा असतो. तो आहे, स्वस्त आहे, शंभराहून अधिक वर्षांचा जुना आहे. त्याचे नाव अ‍ॅड्रिनॅलिन. हे औषध काय करते, ते केव्हा आणि कसे द्यावे, आणि ते देण्यास विलंब का होऊ नये, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न सर्पदंशापुरता असता, तर शहरातील श्रोत्यांनी तो दुरूनच ऐकला असता तरी चालले असते. पण शरीराचा हा उलटा व्यवहार पुष्कळ निमित्तांनी घडतो. ‘त्याला कोळंबीचे वावडे आहे’ असे आपण मराठीत म्हणतो. हे वावडे म्हणजेच अ‍ॅलर्जी. कोणाला पेनिसिलिनचे वावडे असते, कोणाला एखाद्या वेदनाशामक गोळीचे, कोणाला गांधीलमाशीच्या दंशाचे. आपल्या उपवासाच्या खिचडीत दाण्याचे कूट असते, आणि भुईमूग हा तर जगभर या विकाराचे एक प्रमुख कारण मानला जातो. उत्तरेत नवरात्रात कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या करतात. तेच धान्य जपानात शेवयांच्या रूपाने खाल्ले जाते, आणि त्याचे तीव्र वावडे तेथील वैद्यांना चांगले ठाऊक आहे. महाराष्ट्रातून काशीयात्रेला जाणारा माणूस घाटाघाटांवर नवी नवी पक्वान्ने चाखतो, ताप आला तर अपरिचित दवाखान्यात सुई टोचून घेतो. त्याला आपल्या वावड्याची आठवण असो वा नसो, ते त्याच्याबरोबर प्रवास करीतच असते.

या विकाराचा शोध ज्या प्रयोगातून लागला त्याचा हेतू अगदी उलट होता. १९०१ साली फ्रान्सचे शरीरशास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि त्यांचे सहकारी पोल पोर्टिए हे मोनॅकोचे राजे पहिले अल्बर्ट यांच्या नौकेवरून सागरसंशोधनासाठी निघाले. एका विषारी सागरी जीवाच्या विषाचा त्यांनी प्रवासात अभ्यास केला, आणि परतल्यावर समुद्रपुष्पाच्या विषावर प्रयोग पुढे चालविले. विषाची लहान मात्रा आधी देऊन कुत्र्यांना त्या विषाविरुद्ध बळकट करावे, असा त्यांचा मनोदय होता. पण घडले ते निराळेच. पहिली मात्रा सहज पचविलेला एक धट्टाकट्टा कुत्रा सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा मात्रा देताच धापा टाकू लागला आणि अर्ध्या तासाच्या आत मेला. पहिल्या भेटीने संरक्षण मिळाले नव्हते. शरीर अतिरेकी सावध झाले होते. रिशे यांनी या घटनेला ग्रीक शब्दांवरून ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’, म्हणजे संरक्षणाच्या विपरीत अवस्था, असे नाव दिले. या कार्याबद्दल १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडविला. घोड्याच्या रक्तद्रवातून घटसर्पाचे प्रतिविष घेतलेल्या मुलांना होणारा त्रास त्यांनी अभ्यासला होता. म्हणजे या शास्त्राच्या जन्मापाशीही घोड्याचे रक्त आहेच.

शरीरात नेमके घडते तरी काय? आपल्या त्वचेत, श्वासमार्गात, आतड्यात आणि रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने मास्ट नावाच्या पेशी पहारेकऱ्यांसारख्या विखुरलेल्या असतात. या पेशींच्या पोटात हिस्टामिन आणि तत्सम तीव्र रसायने कणांच्या रूपाने साठविलेली असतात. ज्या माणसाच्या शरीराने एखादे द्रव्य शत्रू म्हणून नोंदविले आहे, त्याच्या रक्तात त्या द्रव्याला ओळखणारी एका विशिष्ट जातीची प्रतिद्रव्ये तयार होतात आणि मास्ट पेशींवर जाऊन बसतात. हे प्रतिद्रव्य किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत १९६६ साली, आणि त्याच सुमारास स्वीडनमधील संशोधकांनी स्वतंत्रपणे, शोधून काढले. पुढच्या खेपेस ते द्रव्य शरीरात शिरताच ही प्रतिद्रव्ये त्याला पकडतात, आणि मास्ट पेशी आपला साठा एकदम रिता करतात. शत्रू क्षुद्र असतो; पण त्याच्यासाठी सारे दारूगोळ्याचे कोठार एकाच वेळी पेटविले जाते.

सर्पाच्या प्रतिविषाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. तेथे बहुधा पूर्वीच्या ओळखीचीही गरज लागत नाही. घोड्याचे प्रथिन मोठ्या प्रमाणात शिरेत गेले की इतर मार्गांनीही तीच रसायने मोकळी होतात. म्हणूनच ‘याने पूर्वी कधी प्रतिविष घेतलेले नाही, तेव्हा भय नाही’ असे म्हणता येत नाही. आणि त्वचेवर थोडे टोचून पाहण्याची जी जुनी चाचणी होती, तिच्यावरही विसंबता येत नाही. तिने धोका कळत नाही, उलट मोलाचा वेळ मात्र जातो.

ही रसायने मोकळी झाली म्हणजे तीन संकटे एकदम ओढवतात. पहिले, बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांच्या भिंती पाझरू लागतात. दहा मिनिटांत रक्तवाहिन्यांतील द्रवाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग भोवतालच्या ऊतींत झिरपू शकतो. रक्ताचा एक थेंबही शरीराबाहेर न सांडता हृदय रिकामे पडू लागते. दुसरे, श्वासनलिकांचे स्नायू आवळतात आणि माणूस दमेकऱ्यासारखा धापा टाकतो. तिसरे, घशाचे आणि स्वरयंत्राचे अस्तर सुजून श्वासाची वाटच बुजू लागते. याच्या जोडीला पोटात कळा येतात, उलट्या होतात, आणि रोग्याला काही तरी भयंकर घडणार अशी विलक्षण भीती वाटू लागते. ही भीती मनाचा खेळ नव्हे. ती या विकाराचेच एक लक्षण आहे.

आता अ‍ॅड्रिनॅलिनकडे वळू. हे द्रव्य परके नाही. आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी ते निर्माण करतात. अंधारात पायाजवळ काही सळसळले की छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, ते याच्यामुळे. या ग्रंथींच्या अर्काने रक्तदाब एकदम वाढतो, हे इंग्लंडमधील जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी १८९४ साली दाखविले. जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने केइझो उएनाका यांच्या मदतीने १९०० साली न्यूयॉर्कमध्ये त्याचे शुद्ध स्फटिक मिळविले, आणि १९०४ साली जर्मनीत फ्रीड्रिख श्टोल्झ यांनी ते प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनविले. एकच द्रव्य एका ठिकाणी स्नायू आवळते आणि दुसऱ्या ठिकाणी सैल करते, हे मोठे कोडे होते. पेशींवर या द्रव्याला ओळखणारी ग्राहके दोन निराळ्या जातींची असतात, असे प्रतिपादन रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली करून ते कोडे सोडविले.

हा दुहेरी गुणच येथे उपकारक ठरतो. अ‍ॅड्रिनॅलिन सैल पडलेल्या रक्तवाहिन्यांना आवळते, त्यामुळे पाझर थांबतो, रक्तदाब सावरतो आणि घशाची सूज ओसरू लागते. ते हृदयाला जोर देते. ते श्वासनलिकांच्या आवळलेल्या स्नायूंना मात्र सैल करते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते मास्ट पेशींना आवर घालते, म्हणजे आगीच्या मुळाशीच पाणी घालते. संकटे तीन, आणि औषध एकच. तेही तिन्ही संकटांना आणि त्यांच्या कारणाला एकदम भिडणारे. असे दुसरे औषध वैद्यकात नाही.

मग हिस्टामिनविरोधी औषधे आणि स्टेरॉइडे यांचे काय, असा प्रश्न कोणीही विचारील; कारण वावड्याचा झटका म्हटला की आपल्याकडे बहुधा हीच दोन औषधे प्रथम हातात घेतली जातात. डॅनिएल बोव्हे यांनी १९३७ च्या सुमारास शोधलेली हिस्टामिनविरोधी औषधे कंड आणि गांधी यांवर गुणकारी आहेत, यात संशय नाही. त्या कार्याचा समावेश असलेल्या संशोधनाबद्दल त्यांना १९५७ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. पण ती एका रसायनाचे पुढचे काम अडवितात. घसरलेला रक्तदाब वर आणीत नाहीत आणि सुजलेला घसा उघडीत नाहीत. स्टेरॉइडाचा परिणाम दिसावयास तर काही तास लागतात. आणि काळ किती असतो? जे रोगी या विकाराने दगावले त्यांची इंग्लंडमध्ये तपासणी करून २००० साली एक निष्कर्ष मांडण्यात आला. हृदय बंद पडण्यापर्यंतचा मध्यम काळ अन्नाच्या बाबतीत ३० मिनिटे, कीटकदंशाच्या बाबतीत १५ मिनिटे, आणि टोचलेल्या औषधाच्या बाबतीत अवघी ५ मिनिटे होता. पाच मिनिटांच्या संकटावर काही तासांनी लागू पडणारे औषध देऊन थांबणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. ही औषधे मागाहून खुशाल द्यावी. पण पहिला मान अ‍ॅड्रिनॅलिनचा.

कसे द्यावे, यालाही तितकेच महत्त्व आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत सुई खोचून ते द्यावयाचे असते. पूर्वी ते कातडीखाली देण्याची रीत होती. कॅनडातील एस्टेल सायमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मुलांच्या बाबतीत दाखवून दिले की, मांडीच्या स्नायूत दिलेले औषध सरासरी ८ मिनिटांत रक्तात कमाल पातळी गाठते. कातडीखाली दिलेल्या औषधाला त्यासाठी ३४ मिनिटे लागतात. औषध तेच, मात्रा तीच. पण जागा चुकली तर अर्धा तास हातचा जातो. एक मिलिलिटरच्या कुपीत एक मिलिग्रॅम औषध असते. प्रौढाला त्यातील अर्धा मिलिलिटर पुरतो; मुलांना दर किलो वजनामागे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. रक्तात हे औषध फार काळ टिकत नाही. म्हणून पाच मिनिटांनी उतार पडला नाही तर दुसरी मात्रा देतात, लागल्यास तिसरीही. त्याबरोबरच प्राणवायू आणि शिरेतून भरपूर क्षारजल द्यावे लागते. कारण वाहिन्या आवळल्या तरी त्यांतून गळून गेलेला द्रव भरून काढावाच लागतो.

एवढे सारे ठाऊक असूनही अ‍ॅड्रिनॅलिन देण्यास हात का अडखळतो? याचे कारण भीती. वयस्क माणसाचे हृदय हे सोसेल काय, नाडी भरधाव सुटली तर काय, असे विचार वैद्याच्याही मनात येतात. ही भीती अगदीच निर्मूळ नाही. हेच औषध न पातळ करता झटकन शिरेत दिले, तर हृदयाची लय बिघडू शकते. शिरेतून ते देणे हे अतिदक्षता विभागातील जाणकारांचे काम आहे. पण मांडीच्या स्नायूत, योग्य मात्रेत दिले असता हात थरथरणे, छाती धडधडणे, चेहरा फिका पडणे, यापलीकडे सहसा काही घडत नाही, आणि तेही थोड्याच वेळात शमते. हृदयाला खरा धोका औषधाचा नसून ओसरत चाललेल्या रक्तदाबाचा असतो. येथे महाराष्ट्रातील एका उदाहरणाची आठवण होते. कोकणात तांबड्या विंचवाच्या दंशाने शरीरातील अ‍ॅड्रिनॅलिन आणि त्याची भावंडे यांचा पूर लोटतो आणि हृदय थकते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात प्राझोसिन हे त्याच्या उलट गुणाचे, वाहिन्या सैल करणारे औषध वापरून असंख्य प्राण वाचविले. एकाच द्रव्याचा पूर विंचवाच्या दंशात मारतो आणि त्याची ओंजळ वावड्याच्या झटक्यात तारते. म्हणून औषधाला भ्यावयाचे नाही. निदान नीट करावयाचे.

आता पुन्हा सर्पदंशाच्या रोग्याकडे येऊ. प्रतिविषाचा झटका आला तर वैद्य ते देणे थांबवितात, मांडीत अ‍ॅड्रिनॅलिन देतात, आणि रोगी सावरला की प्रतिविष पुन्हा हळूहळू सुरू करतात. उताऱ्यावरचा उतारा हाताशी आहे म्हणूनच मूळ उतारा पुरता देता येतो. पण झटका येण्यापूर्वीच त्याला अडविता येईल काय? या प्रश्नाचे एक उत्तर शेजारच्या श्रीलंकेतून आले. तेथील सर्पदंशाच्या एक हजाराहून अधिक रोग्यांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. प्रतिविष भारतीय बनावटीचेच होते. चारांपैकी तीन रोग्यांना कोणती ना कोणती प्रतिक्रिया झाली, यावरून हा प्रश्न किती व्यापक आहे ते कळून येईल. प्रतिविषाच्या आधी अ‍ॅड्रिनॅलिनची अगदी लहान मात्रा कातडीखाली दिली असता पहिल्या तासातील तीव्र प्रतिक्रिया ४३ टक्क्यांनी घटल्या. हिस्टामिनविरोधी औषधाने आणि स्टेरॉइडाने मात्र असा लाभ दिसला नाही. ज्या दोन औषधांवर आपला पिढ्यान्‌पिढ्या भरवसा होता ती दोन्ही मागे पडली, आणि ज्याची भीती होती तेच कामाला आले.

आपल्या देशात हे औषध दुर्मीळ नाही. त्याच्या कुपीला मोठी किंमत पडत नाही, आणि लसीकरणाच्या ठिकाणी ती सज्ज ठेवण्याची पद्धत आहे. २०२१ साली कोविडची लस घेतल्यावर केंद्रावर अर्धा तास बसवून ठेवीत, हे पुष्कळांना आठवत असेल; ते याच झटक्यासाठी. गावोगाव लस टोचणाऱ्या परिचारिकांनाही आता पहिली मात्रा स्वतः देऊन रोग्याला पुढे पाठविण्याची मुभा आहे. परदेशांत ज्यांना तीव्र वावडे आहे ते लोक स्वतःच टोचून घेण्याची स्वयंचलित सुई खिशात बाळगतात. ती अमेरिकेत १९८७ पासून मिळते, आणि २०२४ साली तेथे नाकात फवारण्याच्या प्रकारालाही मान्यता मिळाली. भारतात अशी साधने सर्वत्र सहज मिळत नाहीत. त्यामुळे पूर्वी एकदा असा झटका येऊन गेलेल्या माणसाने वैद्याशी बोलून, आपल्यासाठी कोणती तजवीज करता येईल आणि घरातील कोणाला ती शिकविता येईल, हे आधीच ठरवून ठेवणे इष्ट होय. कुपी उजेडापासून जपावी लागते. औषधाला गुलाबी किंवा तपकिरी झाक आली असेल तर ते टाकून द्यावे.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती सुई नसणार. तरीही पुष्कळ काही हाती आहे. पहिली गोष्ट ओळखण्याची. अंगावर नुसत्या गांधी उठल्या तर घरोघरी ‘पित्त उठले’ म्हणतात, आमसुलाचे पाणी चोळतात, आणि बहुधा ते आपोआप शमतेही. पण गांधींच्या जोडीला श्वास लागला, आवाज बसला, जीभ किंवा घसा सुजला, वारंवार उलटी झाली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते नुसते पित्त नव्हे. क्वचित गांधी न उठताही रक्तदाब कोसळतो. त्यामुळे ठाऊक असलेल्या वावड्याचा पदार्थ पोटात गेल्यावर किंवा सुई टोचल्यावर माणूस एकाएकी गळून गेला, तर त्वचा स्वच्छ आहे म्हणून निश्चिंत राहू नये.

दुसरी गोष्ट निजविण्याची. अशा माणसाला उठवून बसविणे, ‘जरा मोकळ्या हवेत चाला’ म्हणून दोन माणसांच्या आधाराने चालविणे, हा आपला स्वाभाविक उपचार असतो, आणि तोच घातक ठरतो. उभे राहताच उरलेसुरले रक्त पायांकडे जाते आणि हृदय रिते पडते. त्याला उताणे निजवून पाय उंच करावे. दम फार लागत असेल तर पाठीला टेका द्यावा, पण पाय लांबच असू द्यावे. उलटी होत असेल किंवा स्त्री गरोदर असेल तर डाव्या कुशीवर वळवावे. मग १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रात आहे तशी उत्तर प्रदेशातही आहे.

तिसरी गोष्ट थांबण्याची. सुई टोचून घेतल्यावर लगेच दवाखान्याची पायरी उतरू नये. अर्धा तास तेथेच बसावे. आणि झटका ओसरला तरी त्याच पावली घरी निघू नये, कारण काही रोग्यांत काही तासांनी तो उलटून पुन्हा येतो.

चौथी गोष्ट लिहून ठेवण्याची. ‘मला कसल्याशा इंजेक्शनची रिॲक्शन आली होती’ एवढे सांगून वैद्याला काही उमगत नाही. त्या औषधाचे नाव, साल आणि काय झाले हे एका चिठ्ठीवर लिहून ती खिशात ठेवावी. यात्रेकरूने तर तिकिटाबरोबर ती ठेवावी. हिंदी प्रांतात जाताना ती देवनागरीत लिहिली असली तरी पुरे, तेथील वैद्य ती वाचील. आणि सर्पदंशाच्या बाबतीत एवढे ध्यानात धरावे की, दंशाच्या वर करकचून दोरी आवळण्याची प्राचीन रीत आजचे वैद्यक वर्ज्य मानते. अवयव स्थिर ठेवून, वेळ न दवडता, जेथे प्रतिविष आणि अ‍ॅड्रिनॅलिन ही दोन्ही आहेत असे रुग्णालय गाठावे. मांत्रिकाच्या दारी ही दोन्ही नसतात.

वैद्यकात पुष्कळ रोग असे आहेत की ज्यांवर औषध सापडलेले नाही, किंवा सापडले तरी ते गरिबाच्या आवाक्यातले नाही. या विकाराचे तसे नाही. येथे औषध ठाऊक आहे, मात्रा ठाऊक आहे, जागा ठाऊक आहे, आणि त्याची किंमत अगदी थोडी आहे. येथे माणूस दगावतो तो बहुधा औषधावाचून नव्हे, तर वेळेवाचून. रोगी आडवा, पाय उंच, सुई मांडीत, आणि मग रुग्णालयाची वाट, एवढा क्रम घराघरांत आणि दवाखान्यादवाखान्यांत पाठ झाला, तर त्या चार-पाच मिनिटांत गमावले जाणारे पुष्कळ जीव हातचे जाणार नाहीत.